घरगुती, भावकी, पुढारी

आमच्या लिंबखेडला उन्हाळ्यात सावलीसुद्धा सावली धुंडत फिरते. हे सांगितलं की गेवराईकडची माणसं हसतात. त्यांचं बरं आहे. त्यांच्याजवळ गोदावरी आहे. तिच्यात पाणी नसलं तरी वाळू असते, आणि वाळूवरून भांडण असतं, त्यामुळे माणसाचं उन्हाकडे लक्ष जात नाही. आमच्याकडे ना नदी, ना वाळू. आमच्याकडे होता बंकटचा कूलर.

बंकट माझा सख्खा भाचा. हायवेला लागून त्याचं पत्र्याचं शेड, वर पाटी, 'बंकट कूलर वर्क्स'. पत्रा वाकवायचा, तीन बाजूंना जाळ्या, जाळीत वाळा, खाली पाणी, समोर पंखा. पंखा असा की मे महिन्यात चालू केला तर भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत डिसेंबरावर जाऊन थांबायचं आणि घरातली माणसं स्वेटर शोधायला लागायची. आवाजाचं तर विचारूच नका. गावात कूलर सुरू झाले की हायवेवरचे ट्रकवाले मागून काहीतरी मोठं येतंय म्हणून गाडी बाजूला घ्यायचे. आमची म्हैस त्या आवाजाशिवाय पान्हा सोडत नसे. मग ऐन पौषात तिच्यासाठी कूलर लावायचा आणि आमच्या मंडळींनी, म्हणजे केशरबाईनं, घोंगडी पांघरून धार काढायची.

या आवाजामुळे गावात एक रीत पडली होती. कूलरखाली बोललेलं धरायचं नाही. सून सासूसमोर बसून हसत हसत तिच्या माहेरचा उद्धार करायची. सासूला वाटायचं चहाचं विचारायलीय, ती मान डोलवायची. भावाभावांत वाटणीची बोलणी निघाली की मधे कूलर ठेवायचा. दोघं पोटभर एकमेकांची सात पिढ्यांची धुणी धुवायचे आणि उठताना एकमेकांच्या चपला शोधून द्यायचे. त्यामुळं लिंबखेडातून कोर्टात एक केस जात नव्हती. बीडचे वकील आमच्या गावावरून जाताना गाडीच्या काचा वर करायचे म्हणे.

पण जमाना फिरला. हायवेवर शोरूम झालं, त्यात प्लास्टिकचे गुळगुळीत कूलर आले. आपल्या गावात नाही, पण आजूबाजूच्या गावांत बंकटचं गिऱ्हाईक तुटलं. शेडमध्ये मागच्या सालचे कूलर तसेच पडून राहिले. आणि बंकटचा चुलतभाऊ परमेश्वर मोजमापाचा टेप घेऊन यायला लागला.

परमेश्वरला त्या जागेवर गार्डन धाबा काढायचा होता. शेडमध्ये अर्धा हिस्सा त्याचाच. तो यायचा, टेप ओढायचा आणि काम चालू असताना मधे उभा राहून म्हणायचा, "इथं कारंजं. आन जिथं तू बसलायस ना बंकट्या, तिथं तंदूर."

"म्या उठल्यावर लाव बे तंदूर," बंकट म्हणायचा.

शेवटी ठरलं. येता उन्हाळा बंकटचा. माल खपला तर शेड त्याचं. नाही खपला, तर पाटी उतरवायची आणि किल्ली परमेश्वरच्या हातात द्यायची. मी मधे साक्षीला होतो. कूलर बंद होता, म्हणजे शब्द धरायचा होता.

दसरा झाल्यानंतरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हात एक पांढरी गाडी शेडसमोर येऊन बंद पडली. आतून पुण्याच्या एका विद्यापीठातल्या प्रियदर्शनी मॅडम उतरल्या. तिथं त्या मुलांना वस्तू शिकवतात. म्हणजे खुर्ची कशी असावी, चमचा कसा असावा. कपिलधारचा धबधबा बघून निघाल्या होत्या आणि वाटेत गाडीचा एसी गेला. बंकटनं त्यांना कूलरसमोर बसवलं. थोड्या वेळानं त्यांच्या डोळ्यांत जीव आला, आणि जीव आल्याबरोबर त्या काहीतरी बोलू लागल्या. कूलर चालू होता. बंकटला काही ऐकू आलं नाही. तो रीतीप्रमाणे "व्हय, व्हय" म्हणत गेला.

महिन्याभरानं पुण्याहून निरोप आला, की उद्योग आणि विद्यापीठ यांच्या सहयोगाला बंकट कूलर वर्क्सनं मान्यता दिली आहे आणि विद्यार्थी येत आहेत. त्या सहयोगाला तिकडं 'कोलॅब' म्हणतात. बंकटनं ऐकलं 'खोळंबा'. पुढं कळलं, की त्यानं फारसं चुकीचं ऐकलं नव्हतं.

मुलं आली संक्रांतीनंतर, कडाक्याच्या थंडीत. विद्यापीठाच्या वेळापत्रकात उन्हाळ्याचा अभ्यास हिवाळ्यातच बसतो, कारण उन्हाळ्यात त्यांना सुट्टी. चारजण होते, त्यांत पुढं पुढं असणारी आरोही. चुणचुणीत पोरगी, खिशात पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. जे दिसेल ते चिठ्ठीवर लिहायची आणि जिथं जागा दिसेल तिथं चिकटवायची. एक चिठ्ठी आमच्या म्हशीवर चिकटवली होती. म्हशीनं ती खाल्ली. आरोहीनं ते पण लिहून घेतलं.

कूलर सगळे गोणपाटात गुंडाळून ठेवलेले, माणसं शेकोटीभोवती, आणि ही मुलं विचारतायत, "आजोबा, कूलर वापरताना तुमचा पेन पॉइंट काय?"

मी म्हणालो, "बाई, आमी पेन वापरतच न्हाई. अंगठा चालतो." त्यांच्यात त्रासाला 'पेन' म्हणतात, हे मला मागून कळलं.

केशरबाईकडं तर एक निराळीच तऱ्हा केली. कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी जायचं तर पाच वेळा 'का' विचारायचं, असं त्यांना शिकवलेलं.

"आजी, तुम्ही कूलर का लावता?"

"गरम व्हतंय म्हणून."

"गरम का होतं?"

"ऊन हाय म्हणून."

"ऊन का आहे?"

केशरबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "कावून कावून काय लावलंयस गं? आमच्या सासूनं पण येवढं पुसलं न्हाई. आजून एकदा इचारलंस तर हेच लाकूड घेऊन तुझ्या मागं पळन बघ."

आरोहीनं लिहिलं: वापरकर्त्यांत तीव्र भावना आढळतात.

मग घरोघर एकच प्रश्न, "तुमच्या कूलरबद्दल सांगा." आणि गावानं एकजात एकच उत्तर दिलं, "आमच्या कूलरचा लई आवाज हाय!"

आता हे ऐका. आमच्याकडं ज्या पुढाऱ्याला वजन असतं त्याचा 'आवाज' असतो. पोरगं बुलेट घेतं ते आवाजासाठी. लग्न कसं झालं म्हणून विचारलं तर 'आवाज झाला' म्हणतात, नवरा-नवरी कशी होती हे कुणी सांगत नाही. गाव छाती फुगवून सांगत होतं. पुण्याच्या मुलांनी मान हलवून लिहून घेतलं: मुख्य तक्रार, आवाज. शेडच्या पत्र्यावर तेवढ्या एका शब्दाच्या इतक्या पिवळ्या चिठ्ठ्या लागल्या, की रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं बंकटनं शेडला हळद लावली.

बंकटला फरक कळत नव्हता असं नाही. मी त्याला बाजूला घेतलं. म्हणालो, "आरं, त्यांना सांग की."

"मामा, एवढं इंग्रजी बोलत्यात. त्यांचं कसं चुकंल?"

मग मीच का नाही सांगितलं? मला मजा वाटायली होती. आणि खरं बोलायची मला सवयही नाही.

मुलं कामाला मात्र खोटी नव्हती. आरोहीनं शेडमधला एक कूलर चालू करून त्याला डॉक्टरासारखं कान लावला. कुठला नट सैल, कुठलं पातं वाकडं, कुठला पत्रा थरथरतो, सगळं धुंडून काढलं. वाकडी पाती, सैल नट, थरथरते पत्रे तिनं फेकले नाहीत. प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवून एका पोत्यात भरून ठेवले. त्यांच्या जागी नवा पंखा, रबराच्या चकत्या, गोल कोपरे. पाडव्याला नवा कूलर उभा राहिला. मॅडमनी पुण्याहून नाव पाठवलं, 'निःशब्द'.

चालू केला. वारा असा की उन्हातल्या घागरीचं पाणी गार व्हावं. पण आवाज? काही नाही. बंकटनं तीनदा खटका खालीवर केला. त्याला वाटलं लाईट गेलीय.

त्याच्या आधीच बंकटनं एक मोठा डाव टाकला होता. 'जुना द्या, नवा घ्या.' गावानं आपापले जुने कूलर आणून दिले आणि बंकटनं ते, शेडमध्ये पडून राहिलेल्या मालासकट, कापून त्यांचाच पत्रा नव्याला लावला. पाडव्याच्या त्याच आठवड्यात निःशब्द घरोघर पोचले. परमेश्वर आला, निःशब्दसमोर उभा राहिला, वारा खाल्ला, आणि पहिल्यांदाच टेप न उघडता गेला. बंकट त्या दिवशी पाटीवर नवा रंग देत होता.

आनंद पुढचे दोन दिवस टिकला.

पहिला दणका आमच्याच घरी बसला. दुपारी मी निःशब्दसमोर आडवा झालो होतो. केशरबाई तांदूळ निवडत होती. माझ्याकडं बघून गोड हसली आणि म्हणाली, "हे म्हातारं एक दिवस खोटं बोलता बोलताच मरंल, आन मेलंय हे पण कुणाला खरं वाटायचं न्हाई."

मी सवयीनं म्हणालो, "व्हय, व्हय."

मग दोघंही दचकलो. ती माझ्याकडं बघायली, मी तिच्याकडं. एवढ्या वर्षांत मी कशाकशाला व्हय म्हणालो असेन ते मनात यायला लागलं. मी काही बोलणार तेवढ्यात शेजारून भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आलं, "...आन ती केशरबाई तर कसं काय नांदती त्याच्याजवळ!" मग पलीकडं पण शांतता. मग पलीकडच्या पलीकडं. त्या दुपारी अख्ख्या लिंबखेडानं एकमेकांना पहिल्यांदा ऐकलं. संध्याकाळपर्यंत तीन सुना माहेरच्या गाडीत बसल्या होत्या, भावकीत बांध मोजायला माणसं बोलावली होती, आणि आमची म्हैस आटली होती.

खरा स्फोट झाला सुंदररावांच्या बंगल्यावर. सुंदरराव म्हणजे आमच्या गटातला आवाज. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आलेली. बैठकीला तीन इच्छुक बोलावलेले, आणि मी आपला गार हवेसाठी कोपऱ्यात. सुंदररावांची पद्धत सगळ्यांना माहीत: कूलरसमोर बसायचं, एकेकाच्या कानाला लागायचं, आणि कूलरवर आवाज चढवून कानात ओरडायचं. त्या दिवशी तिथं निःशब्द लावलेला. वारा अंगावर येत होता. त्यांना वाटलं कूलर चालूच आहे. तो चालूच होता.

पहिल्याच्या कानाला लागून सुंदरराव गरजले, "तिकीट तुझंच! ही दोन गाढवं म्या शोभंला बोलवलीत!"

गाढवं सरळ बसली. सुंदररावांचं लक्ष नव्हतं. ते दुसऱ्याकडं वळले. "तिकीट तुझंच! ही दोन गाढवं..."

तिसऱ्यापर्यंत पोचले तोवर तिघंही उभे होते. तिसरा म्हणाला, "आप्पा, माझं राहू द्या. म्या ऐकलंय."

बाहेर ओट्यावर बसलेल्या कार्यकर्त्यांनीही ऐकलं होतं. चहावाल्यानं कपबशा ट्रेमध्ये परत भरल्या. तिघा इच्छुकांनी गेटबाहेर जाऊन पाच मिनिटांत युती केली, आणि ती अजून टिकून आहे. सुंदररावांनी वाकून निःशब्दची वायर उपटली. मग म्हणाले, "हे कूलर न्हाई. हे विरोधकाचं यंत्र हाय. परत करा त्या बंकट्याला."

दुसऱ्या दिवशी शेडसमोर रांग लागली. घ्यायला नाही, परत द्यायला. ट्रॅक्टरमधून, बैलगाडीतून, डोक्यावरून निःशब्द परत आले. ज्याला त्याला आपला जुना पाहिजे होता, आणि जुने तर कापले गेले होते. एका म्हातारीनं बंकटला हात जोडले, "लेकरा, हवा नसली तरी चालंल, तेवढा आवाज दे. माझी सून चार दिवसांपासून माझ्याशी चांगली वागायली. मला भ्या वाटायलंय."

आणि गर्दीतून वाट काढत परमेश्वर आला. आता तो टेप ओढत नव्हता. सोबत गवंडी होता.

"घाई न्हाई," तो म्हणाला. "उन्हाळा संपू दे तुझा. आमी नुसतं बघायलोय."

बंकट बाजेवर बसून होता. त्यानं खिशातली किल्ली चाचपली. मी तेव्हा ते बघितलं.

आरोहीनं पुण्याला मॅडमना फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं. मॅडम फोनवर फार आनंदल्या. म्हणाल्या, "उत्तम! लवकर अपयशी व्हा, हेच तर आपलं तत्त्व आहे."

बंकटनं फोन हातात घेतला. "मॅडम, तेवढं शिकवायला तुमाला एवढ्या लांबून यायची गरज नव्हती. त्यात आमी आधीपासून तरबेज हावत."

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी पक्षाची पाटी काढून ठेवलेली एक जीप शेडमागं थांबली. सुंदरराव एकटेच उतरले. बाजेवर बसले. इकडं तिकडं बघून हळूच बोलले, कारण आता त्यांना हळू बोलायची सवय लावावी लागत होती.

"बंकट, हवा तुझी झकास हाय. पण बंगल्यात बोलायची सोय राहिली न्हाई बघ. निवडणूक आलीय. माणूस आला की म्या नुसता हसायलोय. लोकं म्हणायलेत आप्पाला अर्धांग झाला. कायबी कर, पण आवाज दे."

"आप्पा, जुने सगळे कापले."

"मग नुसता आवाज दे. हवा नको. हवा माझी हाय."

आरोही कोपऱ्यात बसली होती. तिनं मान वर केली. "नुसता?"

"नुसता."

पोरगी उठली आणि ते पोतं घेऊन आली. तेच पोतं, चिठ्ठ्या लावलेलं. आत वाकडी पाती, सैल नट, थरथरते पत्रे. सहा आठवडे जीव तोडून जो आवाज तिनं उपटून काढला होता, तो अख्खा त्यात जपून ठेवलेला. बंकटनं पोत्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. त्यानं एक रिकामा पत्र्याचा डबा ओढला.

त्यात ना जाळी, ना वाळा, ना पाणी. एक मोटर, एक वाकडं पातं, आणि मुद्दाम सैल ठेवलेले नट. आरोहीनं पुढं एक खटका बसवला आणि त्याला तीन टप्पे दिले. पहिला 'घरगुती', सासूसुनेपुरता. दुसरा 'भावकी'. तिसरा 'पुढारी'. पुढारीवर फिरवल्याबरोबर हायवेवर दोन ट्रक बाजूला झाले. आमच्या गोठ्यातनं म्हैस हंबरली, आणि केशरबाई भांडं घेऊन पळाली.

त्या डब्याला गावानं नाव दिलं 'आवाजपेटी'. सुंदररावांनी पहिली नेली. मग तिघा इच्छुकांनी नेल्या, कारण युतीतही आतली बोलणी असतातच. मग गेवराईहून, माजलगावहून माणसं आली. नारायणगडच्या जत्रेत बंकटनं एक पेटी नुसती चालू करून ठेवली, तर लोक तिच्याभोवती बसून मन मोकळं करायला लागले. एकानं नारळ पण फोडला. पेटीला ऋतू नाही. हिवाळ्यात खपते, पावसाळ्यात खपते. आणि पेटी घेतल्यावर माणूस म्हणतो, आता आवाजाची सोय झालीच आहे, तर तो हवावाला पण द्या. असे परत आलेले निःशब्द एकेक करून पुन्हा घरोघर गेले. तीन सुना परत आल्या. बांध होता तिथंच राहिला.

पुण्यात निःशब्दला बक्षीस मिळालं. आवाजपेटीचं नाव कुणी काढलं नाही. ती म्हणे त्यांच्या विषयात बसत नव्हती. आरोहीनं मात्र एक पेटी वसतिगृहावर नेली. मॅडमनी बंकटला अभिनंदनाचा फोन केला तेव्हा शेडमध्ये एक पेटी पुढारीवर तपासायला लावलेली. बंकटला एक अक्षर ऐकू आलं नाही. तो "व्हय, व्हय" म्हणत राहिला. तेव्हा पुढच्या वर्षीचा खोळंबा कबूल झाला असणार.

मे संपता संपता परमेश्वर आला. एकटा. गवंडी नाही. टेप हातात होता, पण कुठं लावावा हे त्याला सुचत नव्हतं. शेडमध्ये पत्रा ठेवायला जागा नव्हती. बंकटनं त्याला बाजेवर बसवलं. चहा झाला. शेवटी परमेश्वरनंच पेटीकडं बोट केलं. बंकटनं खटका 'भावकी'वर फिरवला.

दोघांनी सुरुवात केली. काय बोलत होते देव जाणे. परमेश्वर हातवारे करत होता, बंकट मांडीवर थाप मारत होता, दोघांच्याही गळ्याच्या शिरा ताठ. मी बाजूला बसून तंबाखू मळत होतो. रीतच आहे ती.

आणि लाईट गेली.

लाईट जायला आमच्याकडं मुहूर्त लागत नाही. पेटी पटकन गप्प झाली, आणि त्या शांततेत बंकटचं अर्धं वाक्य मोठ्यानं उघडं पडलं:

"...तवा तुला देणारच हुतो बे शेड! रांग लागलती त्या दिशी किल्ली खिशातनं काढली पण हुती! तुझ्यापशी यायला पाय निघंना म्हणून बसलो, न्हाईतर आज इथं तुझा तंदूर असता!"

बंकट तोंड उघडं ठेवून तसाच राहिला. सगळं शेड ऐकत होतं. परमेश्वरनं टेपची पट्टी सरकन आत जाऊ दिली. टेप बाजेवर ठेवला.

मग कानामागं हात नेऊन मला म्हणाला, "मामा, काय म्हणायलाय हा? लाईट गेली का? मला कायच ऐकू आलं न्हाई."

"मलाबी न्हाई," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं एवढं एक खोटं कुणी पडताळून बघितलं नाही.

परमेश्वर उठला, चपला शोधायला लागला. बंकटनं बाजेखालून त्या काढून त्याच्यासमोर सरळ लावून दिल्या. टेप बाजेवरच राहिला. हल्ली बंकट त्याच टेपनं पत्रा मापतो.